आजारातून उठलेल्या हॅमस्टरचे पहिले पंधरा दिवस

औषध लागू पडलं, जुलाब थांबले, मिटलेले डोळे उघडले की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पोरं पुन्हा पिंजऱ्याभोवती गोळा होतात, काढून ठेवलेलं चाक परत आत जातं. आणि याच तीन-चार दिवसांत बरेच हॅमस्टर हातचे जातात. मूळ आजार तोवर ओसरलेला असतो. जीव जातो तो पोटात अन्न नसल्याने, अंगातलं पाणी आटल्याने किंवा ऊन-थंडी न सोसल्याने. सव्वाशे ग्रॅमच्या जिवाजवळ साठवण ती किती असणार? आजारी असताना एक अख्खी रात्र न खाता गेली की रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं, आणि गार पडलेला हॅमस्टर उठून खायला जातच नाही.

दुसरी अडचण त्याच्या स्वभावात आहे. हा शिकार होणारा प्राणी. दुबळेपणा दिसला की कोणीतरी उचलून नेणार, म्हणून तो दुखणं लपवतो. तेव्हा 'आज बरा दिसतोय' यावर विसंबू नका. वजन, पाणी आणि लेंड्या ही तीन मापं रोज घ्या. नजरेला दोन दिवसांनी कळणारी गोष्ट मापाला त्याच दिवशी कळते.

काटा आणि वही

सिरियन हॅमस्टर मोठा असतो, साधारण १०० ते १५० ग्रॅमचा. त्याला स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. बुटका हॅमस्टर ३० ते ५० ग्रॅमचा, आणि रोबोरोव्हस्की तर २०-२५ ग्रॅमचाच. यांच्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. दागिने तोलायला असे छोटे काटे वापरतात, त्यामुळे जळगावसारख्या सराफ्याच्या गावात ते मिळवायला त्रास नाही.

हिशेबही सोन्याच्याच भाषेत डोक्यात पक्का बसतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. १२० ग्रॅमचा हॅमस्टर म्हणजे जेमतेम दहा तोळे. त्यातला एक तोळा घटला म्हणजे अंगाचा दहावा हिस्सा गेला. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो एका आठवड्यात गेले तर घर घाबरून जाईल; इथे तो एक तोळा केसाळ अंगाखाली दिसतही नाही.

वजन संध्याकाळी करा, तो आपणहून जागा झाल्यावर आणि खायला घालण्याआधी. खोल प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, मग हॅमस्टरला डब्यात उतरवा. तो हलत राहिला तर आकडा नाचतो. डब्याच्या तळाशी सूर्यफुलाची एक सोललेली बी टाका, ती हातात घेऊन बसला की आकडा स्थिर होतो. रोज तीच वेळ, तोच डबा.

एका दिवसात दोन-तीन टक्के इकडेतिकडे झालं तर काळजी नको. एकाच दिवसात पाच टक्के घटलं, म्हणजे १२० चे ११४ झाले, तर भरवणं वाढवा आणि डॉक्टरांना फोन करा. आजाराआधीच्या वजनापेक्षा दहा टक्के कमी झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलट एका रात्रीत सहा-सात ग्रॅम वाढले तर खूश होण्याआधी गाल बघा. गालांच्या थैल्यांत दाणे भरून ठेवले की तेवढं वजन सहज वाढतं, आणि पोट मात्र रिकामंच असतं.

पाण्याचं माप सोपं आहे. निरोगी हॅमस्टर अंगाच्या दर १०० ग्रॅममागे दिवसाला साधारण १० मिली पाणी पितो. बाटलीवर पेनाने खूण करा. लेंड्या सकाळी मोजा. अगदी नेमका आकडा नको, पण 'काल चाळीसेक, आज आठ' हा फरक वहीत आला पाहिजे. चांगली लेंडी तांदळाच्या फुगलेल्या दाण्याएवढी, गडद तपकिरी, दाबली तर टणक असते.

आजारपणाचा पिंजरा वेगळा

नेहमीचा दोन मजली, नळ्यांचा पिंजरा या दिवसांत कामाचा नाही. अशक्त हॅमस्टर वरच्या मजल्यावरून पडतो, नळीत अडकतो. साधारण दीड फूट लांब, एक फूट रुंद असा सरळ बाजूंचा प्लास्टिकचा टब घ्या, वर जाळी बांधा. मजला नाही, चाक नाही.

तळाला भुसा न घालता पांढरा बिनछापील टिश्यू पेपर तीन-चार पदरी अंथरा. पांढऱ्यावर लघवीचा रंग, रक्ताचा ठिपका, जुलाबाचा डाग लगेच दिसतो, आणि टाके असतील तर त्यात भुशाचे कण जात नाहीत. निजायला त्याच कागदाच्या पट्ट्या फाडून मूठभर द्या आणि पुठ्ठ्याचं छोटं खोकं पालथं घाला. लपायला जागा नसेल तर तो रात्रभर भिंतीला चिकटून जागा राहतो, खात नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्याकडे घरोघरी कापूस असतो, वेचणीच्या दिवसांत तर पोत्यांनी असतो, आणि 'मऊ आहे, ऊब राहील' म्हणून तो घरट्यात घातला जातो. घालू नका. कापसाचे लांब तंतू पायाला गुंडाळले जातात, ओढले की फास आवळतो आणि पंजा काळा पडतो. तो कापूस गालात भरतो. तिथे तो लाळेने भिजून गोळा होतो. गिळला तर आतडं तुंबतं. दुकानातलं कापसासारखं मऊ बेडिंगही याच कारणाने वाईट.

टब शांत खोलीत ठेवा. टीव्हीच्या खोलीत नको, येण्याजाण्याच्या दारात नको. जमिनीवर ठेवलं की मुंग्या लागतात, आणि अशक्त प्राण्याला त्या खरोखर चावून हैराण करतात. स्टुलावर टब ठेवून स्टुलाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू किंवा पावडर टबाजवळ वापरू नका, ते विष त्याच्या पंजांवरून तोंडात जातं.

पाण्याची बाटली उंच असेल तर अशक्त हॅमस्टर मान वर करून पीत नाही. नळीचं तोंड त्याच्या नाकाच्या उंचीला आणा, आणि शेजारी बाटलीच्या झाकणात थोडं पाणी ठेवा. झाकण उथळच हवं, तोंड बुडेल असं भांडं नको.

ऊन, कूलर आणि डिसेंबरची पहाट

'वाळवंटातला प्राणी आहे, त्याला ऊन चालतं' हा समज फार पसरलेला आहे. पाळीव सिरियन हॅमस्टरांचं मूळ १९३० मध्ये सीरियातल्या हलब शहराजवळ जीवशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी मिळवलेल्या एका पिल्लावळीपर्यंत जातं. ती जमीन तापते हे खरं. पण हॅमस्टर तिथे दिवसाचं ऊन अंगावर घेत नाही. दोन फूट खोल बिळात, गार मातीत, झोपून काढतो. प्लास्टिकच्या टबात त्याच्यासाठी अशी खोली नसते, आणि त्याला माणसासारखा घामही येत नाही.

बरा होत असलेल्या हॅमस्टरला २२ ते २६ अंश हवेत. तीसच्या पुढे धोका सुरू होतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या आसपास पारा असतो, तेव्हा स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली रात्री अकरालाही तापलेली असते. तळमजल्यावरची, उत्तरेकडची, खिडकी कमी असलेली खोली निवडा. टबाला डिजिटल तापमापक चिकटवा, म्हणजे अंदाजावर राहायला नको.

कूलर चालतो, पण टब त्याच्या समोर ठेवू नका. सरळ झोत अंगावर आला की ओल्या हवेत तो कुडकुडतो, आणि फुप्फुसाचा आजार असेल तर उलटतो. कूलर शेजारच्या खोलीत किंवा टबाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून ठेवा. त्याचं पाणी रोज बदला. कुबट वास येणाऱ्या गवतातून येणारी हवा श्वासाच्या आजाऱ्याला बाधते. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर गार करत नाही, फक्त ओल वाढवतो, तेव्हा साधा पंखा बरा, तोही त्याच्यावर न रोखलेला.

दुपारी वीज गेली तर काय, याची तयारी आधीच हवी. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पाऊण भरून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या असू द्या. एक बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून टबाला बाहेरून एका बाजूला टेकवा. आत शहाबादी फरशीचा एक तुकडा किंवा आडवी ठेवलेली मातीची कुंडी द्या. तो स्वतःच पोट टेकवून बसतो. सगळा टब ओल्या कापडाने झाकू नका, आतली हवा कोंडते. अंगावर पाणी शिंपडू नका.

हॅमस्टर पाय पसरून लोळागोळा पडला असेल, तोंडाशी लाळ असेल, हाताला गरम लागत असेल, तर ऊन बाधलं आहे. गार खोलीत न्या, साध्या पाण्याने भिजवलेल्या बोटांनी कान आणि पंजे ओले करा, शुद्धीत असेल तर ओठाला पाण्याचा थेंब लावा आणि निघा दवाखान्यात. बर्फ लावू नका, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

हिवाळ्यात उलटं. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. गार बाटलीची गरज नाही, ऊब हवी. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून टबाच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा. अर्धाच, म्हणजे गरम झालं की त्याला सरकता येतं. पाणी उकळतं नको, पिशवीवर मनगट टेकवून सुखद वाटेल एवढंच. पिशवी टबाच्या आत ठेवली तर तो कुरतडतो. खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवू नका. तिच्या धुराने माणसंही दगावतात, तिथे याचं काय.

कधी सकाळी तो गार, कडक, हालचाल नसलेला सापडतो. लगेच मेला असं समजू नका. थंडीत हॅमस्टरचं अंग मंदावून झोपेसारख्या अवस्थेत जातं. मिशांकडे टक लावून बघा, अगदी सावकाश श्वास चालू असेल तर त्या थरथरतात. दोन्ही तळहातांत धरून, मग उबदार कापडात, अर्धा-पाऊण तास हळूहळू ऊब द्या. आजारातून उठलेल्याच्या बाबतीत मात्र ही तातडीची वेळ समजा: शुद्धीवर आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

औषध: शंभर रेघांची सिरिंज

मेडिकलवर १ मिलीची, १०० भागांची, सुई निघणारी सिरिंज मागा. ट्युबरक्युलिन सिरिंज म्हटलं की कळतं. तिची एक रेघ म्हणजे ०.०१ मिली. इन्शुलिनची सिरिंज दिसायला तशीच, पण तिच्यावरचे आकडे मिलीचे नसतात. चाळीस युनिटवाल्या सिरिंजवर ०.१ मिली म्हणजे ४, आणि शंभरवालीवर १०. घरात कोणाला मधुमेह आहे म्हणून तीच सिरिंज उचलली आणि रेघ चुकली तर औषध अडीच पट जातं. डॉक्टरांकडून डोस मिलीमध्ये लिहून घ्या: किती मिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस.

काही अँटिबायोटिक्स हॅमस्टरला जीवघेणी आहेत. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि एकूण पेनिसिलिनचा गट, तसंच क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन पोटात गेलं की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम जातीचा जिवाणू माजून विष सोडतो. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांनी जुलाब लागतात आणि तो जातो. घरच्यांना वाटतं मूळ आजारानेच गेला. घरातल्या लहान मुलाचं उरलेलं सिरप म्हणूनच कधीही देऊ नका, मग खोकला साधा असो. एन्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधं हॅमस्टरला वापरतात, पण ती डॉक्टरांनी वजन बघून दिलेलीच. ही दोन्ही दूध, दही, पनीर यांच्या जोडीने देऊ नका, कॅल्शियममुळे ती नीट लागू पडत नाहीत. आणि तो बरा दिसला म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बंद करू नका.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी, बैल, शेळ्या बघतात. हॅमस्टर त्यांच्यापुढे क्वचित येतो. म्हणून संकोच न करता नम्रपणे विचारा: "डॉक्टरसाहेब, याचं वजन एकशे बारा ग्रॅम आहे. हे औषध पेनिसिलिनच्या गटातलं नाही ना?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. जाताना वहीतली वजनं, चालू औषधांच्या बाटल्या, एका डबीत त्या दिवसाच्या लेंड्या आणि मोबाईलवर घेतलेला श्वासाचा व्हिडिओ न्या, कारण टेबलावर ठेवल्यावर भीतीने त्याचा श्वास तसाही वाढतो.

लहान प्राण्यांची सवय असलेला डॉक्टर जवळ नसेल तर धुळे-जळगावकडून नाशिक आणि नंदुरबारकडून रेल्वेने सुरत जवळ पडतं. आधी फोन करून 'हॅमस्टर बघता का' हे विचारूनच निघा. उन्हाळ्यात पहाटे निघा. मोटारसायकलच्या डिकीत नेऊ नका. हवेची भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात कागदाच्या पट्ट्या भरा. हिंदकळणारी बाटली त्याला भिजवते, म्हणून जुलाब नसतील तर पाण्याऐवजी काकडीची चकती ठेवा.

भरवणं

तो स्वतः खात असेल तर सिरिंजने भरवू नका. धरण्याचा ताण उगाच कशाला? पण संध्याकाळी जागा होऊन तासाभरात त्याने वाटीकडे पाहिलंही नाही, किंवा वजन घसरतंय, तर भरवावंच लागतं.

सगळ्यात चांगलं म्हणजे त्याचेच पेलेट, म्हणजे खाद्याच्या तयार कोरड्या गोळ्या. एक मोठा चमचा पेलेट मिक्सरमध्ये कोरडे बारीक करा, मैद्याच्या चाळणीने चाळा, तिप्पट गरम पाण्यात दहा मिनिटं भिजू द्या आणि ताकाएवढं पातळ करा. पेलेट नसतील तर दादरचं (आपल्याकडच्या ज्वारीचं) एक चमचा पीठ पाऊण कप पाण्यात दहा मिनिटं शिजवून मीठ न घालता पेज करा. जुलाब नसतील तर त्यात उकडलेल्या गंगाफळाचा (लाल भोपळ्याचा) अर्धा लहान चमचा गर कुस्करा. मग चहाच्या बारीक गाळणीने गाळाच. न गाळलेली गुठळी सिरिंजच्या तोंडाशी अडकते, आपण जोर लावतो, गुठळी सुटते आणि सगळं एकदम घशात जातं. तेच श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. भरवताना होणाऱ्या अपघातांचं हे नेहमीचं कारण.

पेज मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून बघा, कोमट हवी. गार पेज तो थुंकतो. फ्रीजमध्ये एक दिवस टिकते. उन्हाळ्यात बाहेर तासाभराच्या वर ठेवू नका.

मांडीवर मऊ सुती पंचा पसरा. हॅमस्टरला त्यावर चारी पायांवर बसवा, दोन्ही बाजूंनी पंचा आणून सैल गुंडाळा, डोकं आणि पुढचे पंजे बाहेर. छातीवर अजिबात दाब नको. उताणा तर कधीच करू नका. पुढच्या दातांच्या मागे, दाढांच्या आधी, गालाच्या बाजूला मोकळी जागा असते. सिरिंजचं टोक बाजूने त्या फटीत अगदी थोडं सरकवा. टोकाची दिशा समोरच्या गालाकडे हवी, घशाकडे नको. एक थेंब सोडा. थांबा. खालचा जबडा हलतो, जीभ एकदा बाहेर येते, मग दुसरा थेंब. एक थेंब म्हणजे साधारण पाच रेघा, आणि दोन थेंबांच्या मध्ये तीन-चार सेकंद जातातच. त्याने पंजाने सिरिंज धरली तर सोडवू नका, आता तो स्वतः चाटणार आहे.

सिरियनला एका वेळी १ मिलीपर्यंत, बुटक्याला ०.३ ते ०.५ मिली, दर तीन-चार तासांनी, असा सुरुवातीचा अंदाज धरा आणि नेमकं डॉक्टरांना विचारून ठरवा. रात्री एकदा उठावं लागतं. रात्र ही त्याची खायची वेळ आहे, हे लक्षात ठेवलं तर ते उठणं वाया जात नाही. नाकातून बुडबुडा आला तर लगेच थांबा, तोंड किंचित खाली करा, नाक टिपा, आणि श्वास घरघरला तर दवाखाना.

भरवून झाल्यावर हनुवटी आणि छाती ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसून कोरडी करा. वाळलेली पेज कातडीला चिकटून फोड येतात. गाल चाचपून बघा. कधी तो पेज न गिळता थैलीत ठेवतो आणि ती तिथेच आंबते. गाल सकाळीही फुगलेला आणि वास येत असेल तर थैली डॉक्टरांकडूनच रिकामी करून घ्या.

अंगात पाणी कमी आहे का, हे खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलून सोडली की कळतं. लगेच बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली, डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यात विरघळवा, अर्धं पाकीट अर्ध्या पेल्यात असा अंदाजपंचे कारभार नको, मीठ जास्त झालं तर उलट अंगातलं पाणी ओढलं जातं. थेंबाथेंबाने द्या, चोवीस तासांनी उरलेलं फेका. बुटक्या हॅमस्टरांत, त्यातही कॅम्पबेल जातीत, मधुमेह आढळतो. त्यांना ओआरएस डॉक्टरांना विचारूनच. फार आटला असेल तर कातडीखाली सलाईन द्यावं लागतं, ते घरचं काम नाही.

वाटीत काय, काय नाही

स्वतः खायला लागला की पहिले तीन दिवस त्याचे नेहमीचे पेलेट, थोडे भिजवून. सोबत दादर किंवा बाजरीचे पाच-सहा दाणे, आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. भरून येणाऱ्या अंगाला प्रथिनं लागतात. सूर्यफुलाची बी दिवसाला एक-दोन, तीही भूक तपासायला. ती त्याला इतकी आवडते की वाटीभर मिळाली तर बाकी सगळं सोडतो, आणि तिच्यात चरबी फार, कॅल्शियम कमी.

केळं नको. आपल्याकडे रावेर-यावलची केळी घरात असतातच आणि पोरं प्रेमाने तुकडा देतात. पण ते गोड आहे, चिकट आहे, थैलीत लिंपून बसतं, आणि नुकत्याच सावरलेल्या पोटाला पुन्हा ढिलं करतं. पूर्ण बरा झाल्यावर सिरियनला आठवड्यातून नखाएवढं चालेल. बुटक्याला तेही नको. वांग्याचं भरीत, त्यातला कांदा-लसूण, शेव, खारे शेंगदाणे, बिस्किट, संत्रं-मोसंबी, चॉकलेट यातलं काहीही नाही. वांग्याचा देठ आणि पानंही नाहीत. हिरवं आठ-दहा दिवसांनी, लेंड्या घट्ट राहिल्या तर गिलक्याची (घोसाळ्याची) किंवा काकडीची नखाएवढी फोड. बांधावरचं गवत, कपाशीशेजारची भाजी देऊ नका. फवारणी कधी झाली ते आपल्याला कळत नाही.

आजारानुसार थोडं

वेट टेल, म्हणजे शेपटीखाली ओलं करणारे पातळ जुलाब, हा दुकानातून नुकत्याच आणलेल्या लहान सिरियन पिल्लांचा आजार. लॉसोनिया नावाचा जिवाणू त्यामागे असतो आणि उपचाराविना दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं. वाचलं तर मागची बाजू दिवसातून दोनदा कोमट पाण्यात पिळलेल्या बोळ्याने पुसा आणि लगेच कोरडी करा; अंघोळ कधीच नाही. आतड्याचा लालसर भाग बाहेर आलेला दिसला तर तो आत ढकलू नका. सलाईनने ओल्या गॉजने झाका आणि निघा. जुना पिंजरा गरम पाणी-साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी लावून दहा मिनिटांनी स्वच्छ धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. लाकडी खेळणी आणि जुना भुसा टाकून द्या. आजार संसर्गाचा नसेल, उदाहरणार्थ गाठ काढली असेल, तर मात्र जुन्या कागदातला एक स्वच्छ मूठभर नव्या घरट्यात ठेवा; स्वतःचा वास असला की तो लवकर स्थिरावतो.

श्वासाच्या आजाऱ्याचा खरा शत्रू धूर आणि धूळ. काळ्या मसाल्यासाठी मिरच्या भाजणं, पराट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) वांगी भाजणं, उदबत्ती, डासांची कॉइल, हे सगळं त्याच्या खोलीपासून दूर. छातीला चोळायचं मलम लावू नका, कापूर ठेवू नका. देवदार-चीडचा भुसा पुन्हा घरात आणू नका, त्याच्या वासातली द्रव्यं फुप्फुसाला बाधतात. घरात कोणाला सर्दी-ताप असेल त्याने टबाला हात लावू नये. माणसाचा फ्लू हॅमस्टरला होतो. कोविडही होतो: २०२२ च्या जानेवारीत हाँगकाँगमध्ये दुकानातल्या हॅमस्टरांत तो विषाणू सापडला आणि दोन हजारांच्या वर लहान प्राणी मारले गेले. उलट बाजूने, हॅमस्टरकडून माणसालाही जंतू येतात. साफसफाईनंतर साबणाने हात धुवा, आणि घरातल्या गरोदर बाईकडे हे काम मुळीच देऊ नका.

टाके असतील तर सकाळ-संध्याकाळ नुसतं बघा. कडा लाल, सुजलेल्या, ओल्या दिसल्या किंवा तो सतत चावतोय असं वाटलं तर डॉक्टर. हळद भरू नका.

बऱ्याच दिवसांच्या उपाशीपणानंतर दात वाढलेले असतात, कारण ते आयुष्यभर वाढतात आणि कुरतडल्यानेच झिजतात. दाणा उचलतो, तोंडाशी नेतो आणि सोडून देतो, असं दिसलं तर दात तपासून घ्या. पिवळा रंग ठीक आहे. घरच्या नेलकटरने कापू नका, दात उभा चिरतो.

नेहमीच्या पिंजऱ्याकडे

सलग तीन दिवस वजन स्थिर किंवा वाढतं, लेंड्या घट्ट, औषध पूर्ण, आणि संध्याकाळी हाक न मारता स्वतः बाहेर येतो, हे चारही जमलं की परत न्यायला हरकत नाही. पहिल्या दिवशी एकच मजला, पेलेटची वाटी आणि पाणी जवळजवळ. सिरियनला सोबती देऊ नका, मोठे सिरियन एकत्र ठेवले तर जीवघेणी भांडणं होतात. चाक चार-पाच दिवसांनी, तेही पहिल्यांदा अर्धा तासच लावून काढून घ्या. अशक्त हॅमस्टर चाकावर थांबत नाही, खाल्लेलं सगळं तिथेच जाळतो. दुसऱ्या दिवशी वजन करा. घटलं नसेल तर एक तास, मग रात्रभर. सिरियनच्या चाकाचा व्यास २८ सेंटिमीटर, बुटक्याचा २० तरी हवा, पाठ वाकली की दुखतं.

आणखी दोन आठवडे वजन एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. हॅमस्टर दोन वर्षांच्या पुढचा असेल तर आठवड्याचं वजन शेवटपर्यंत चालू ठेवा. त्या वयात सगळं करूनही काटा उतरत राहिला, तो खाणं सोडून कोपऱ्यात कुबड काढून बसू लागला, अर्धे मिटलेले डोळे दिवसभर तसेच राहिले, तर जबरदस्तीने भरवणं थांबवून डॉक्टरांशी बोला. वेदना न होता त्याला निरोप देण्याची सोय त्यांच्याकडे असते, आणि ती मागायला लाज वाटू देऊ नका.